वाचकांचे प्रश्न : चीनच्या बादशहाचं पिकासाठीचं देऊळ

प्रश्न : भाऊ, लेकीनं मोबाईलवर बीजिंगच्या एका देवळाचा फोटो दाखवला, गोल आहे, निळ्या छपराचं, तीन टप्प्यांचं. ती म्हणते चीनचा राजा तिथं चांगलं पीक येऊ दे म्हणून पूजा करायचा. खरं आहे का? अन् आत मूर्ती कोणाची आहे?
— एक कापूस उत्पादक, दिग्रस तालुका, जि. यवतमाळ

दादा, लेक एकदम बरोबर बोलली. त्या जागेचं नाव थ्येनथान, म्हणजे आकाशाची वेदी, आणि फोटोत दिसते ते गोल दालन म्हणजे छीन्येनत्येन, चांगल्या सुगीसाठी प्रार्थना करायचं दालन. चीनच्या बादशहाला 'आकाशाचा पुत्र' म्हणायचे, आणि त्याच्यासोबत एक मोठी जबाबदारी पण यायची, ती म्हणजे पाऊस नाही आला, पीक बुडालं, टोळ आले तर लोक म्हणायचे की राजाचंच काहीतरी चुकलं, आकाश त्याच्यावर नाराज आहे. त्यामुळे ही पूजा म्हणजे नुसता दरबारी थाट नव्हता, त्याचं राज्यच या पूजेवर टिकून होतं.

मूर्ती मात्र कोणाचीच नाही. आकाशदेवाचं नाव लिहिलेली एक लाकडी पाटी असायची, बाजूला बादशहाच्या पूर्वजांच्या पाट्या, एरवी त्या वेगळ्या छोट्या दालनात ठेवलेल्या असायच्या आणि पूजेच्या दिवशी मानानं बाहेर आणायचे.

आता इतिहास थोडक्यात सांगतो. १४२० साली मिंग घराण्याच्या योंगले बादशहानं हे बांधलं, बीजिंगचा राजवाडा पण त्याच काळातला. तेव्हा आकाश आणि पृथ्वी दोघांची पूजा एकत्रच व्हायची. १५३० मधे च्याचिंग बादशहानं पृथ्वीची वेदी शहराच्या उत्तरेला वेगळी काढली आणि ही जागा फक्त आकाशाची झाली. तुम्ही पाहिलं ते तीन छपरांचं गोल रूप १५४५ चं, पण तेव्हा तिन्ही छपरांचे रंग वेगवेगळे होते, निळा, पिवळा अन् हिरवा, आणि १७५१ ला छ्येनलोंग बादशहानं सगळी कौलं निळी करून टाकली, आकाशाच्या रंगाची.

पण दादा, मला त्या दालनात सगळ्यात भारी वाटतात ते खांब, कारण तुमच्या-माझ्यासारख्या वावरातल्या माणसाला ते लगेच समजतात. आत २८ खांब आहेत. मधले ४ खूप उंच, १९ मीटरच्या वर, ते चार ऋतू. त्यांच्या बाहेरचे १२ म्हणजे बारा महिने. त्याच्या बाहेर आणखी १२, ते दिवसाचे बारा भाग, कारण चीनमधे दोन तासांचा एक प्रहर धरायचे. बाहेरचे दोन्ही गोल मिळून २४ होतात, ते वर्षाचे २४ हप्ते. आणि सगळे मिळून २८ म्हणजे नक्षत्रं. आपली नक्षत्रं २७, अभिजित धरलं तर आपलीही २८ होतात.

ते २४ हप्ते काय आहेत ते जरा सांगतो. सूर्याच्या चालीवरून वर्षाचे पंधरा-पंधरा दिवसांचे तुकडे पाडलेले आणि त्यातल्या काहींना थेट शेतीतलं नाव. मार्चच्या सुरुवातीचा एक आहे तो 'किडे जागे होण्याचा', एप्रिलमधला 'धान्याच्या पावसाचा', आणि एक आहे 'कुसळाच्या धान्याचा', तो लागतो ५-६ जूनच्या आसपास. आपला मृग लागतो ७-८ जूनला! माझा बाप मृग लागला की ओसरीत बसून आभाळाकडं पाहत राहायचा, बियाण्याची पोती घरात येऊन पडलेली, माय विचारायची अन् तो म्हणायचा अजून दोन दिवस थांबू. तिकडं हजारो किलोमीटरवर त्याच आठवड्यात एखादा चिनी शेतकरी गव्हाची कापणी आटपून पुढच्या पेरणीच्या घाईत असायचा. हे कळल्यापासून मला ते देऊळ परकं वाटतच नाही, शेतकऱ्याचं पंचांगच आहे ते, फक्त कागदाऐवजी खांबांवर उभं केलेलं.

प्रश्न : काका, आपल्या बुलडाण्यात भेंडवळला घटमांडणी होते, तसंच काही हे होतं का? आणि राजा कधी पूजा करायचा?
— एक वाचक ताई, जळगाव जामोद

ताई, तुमच्या तालुक्यातलीच गोष्ट काढली तुम्ही. भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी वावरात घट मांडतात, अठरा प्रकारचं धान्य, मधे चार महिन्यांची चार ढेकळं, घागर, पानसुपारी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पीक-पाण्याचा अंदाज सांगतात, त्यातलं पान-सुपारी राजाच्या गादीसाठी पाहतात. म्हणजे पीक आणि राजा एकाच मांडणीत. थ्येनथानमधे अंदाज सांगत नव्हते, तिथं मागणं मागायचे, आणि तेही सामान्य माणसाला पाहायची परवानगीच नव्हती. बादशहाची स्वारी निघाली की रस्त्यावरची दारं-खिडक्या बंद. हा फरक मला खटकतो, कारण भेंडवळला अख्खा शिवार गोळा होतो आणि तिथं ज्याच्या पोटासाठी पूजा चालली तोच घरात कोंडलेला.

पूजा वर्षातून मुख्य दोनदा व्हायची. चिनी वर्षाच्या पहिल्या महिन्यात गोल दालनात सुगीसाठी, आणि सगळ्यात मोठी हिवाळ्यात, वर्षातला सर्वात छोटा दिवस असतो तेव्हा, म्हणजे २१-२२ डिसेंबरला, उघड्या वेदीवर. त्याआधी बादशहाला तीन दिवसांचं कडक व्रत, मांस नाही, दारू नाही, गाणं-बजावणं नाही, शेवटची रात्र देवळाच्या आवारातल्या उपवासाच्या वाड्यात. मग सूर्य उगवायच्या आधी, त्या बीजिंगच्या थंडीत, जो माणूस कोणासमोर वाकत नाही तो गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचा. जनावरांचा बळी असायचा, रेशीम जाळायचे.

आणि एक गोष्ट सांगायचीच आहे. १५८५ साली मोठा दुष्काळ पडला तेव्हा वानली बादशहा पालखीत न बसता राजवाड्यातून पायी चालत इथं आला, पाच-सहा किलोमीटर, अंगात साधा निळा सुती झगा, मागं सगळे अधिकारी तसेच. आपल्याकडं पाऊस लांबला की पोट्टे बेडूक बांधून घरोघरी धोंडी मागत फिरतात ना, अंगावर पाणी ओतून घेतात, मला त्या दोन्ही चित्रांत एकच कासाविशी दिसते.

प्रश्न : त्या देवळात एकही खिळा नाही असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. मी सुतारकाम करतो, मला पटत नाही.
— एक वाचक, मालेगाव तालुका, जि. वाशिम

भाऊ, तुम्हीच पटवून घ्याल बघा. तुमच्या आजोबांनी केलेली जुनी तिफन आठवा, दांडीला भोक, त्यात दुसऱ्या लाकडाचं कुसू, वरून पाचर ठोकली की संपलं, आणि लाकूड पावसात फुगलं की जोड आणखी घट्ट. चीनची जुनी बांधणी त्याच तत्त्वावर आहे, फक्त खूप मोठ्या मापात. खांबाच्या माथ्यावर एकात एक अडकवलेले लाकडी ठोकळे आणि आडवे हात रचत जातात, छपराचं वजन त्या ठोकळ्यांतून हळूहळू खांबात उतरतं. भिंतींवर वजन नाहीच. जोड थोडा हलतो म्हणून भूकंपात इमारत डोलते पण सहज मोडत नाही. संगमरवराच्या तीन टप्प्यांच्या चौथऱ्यासकट उंची सुमारे ३८ मीटर आहे, एवढं सगळं कुसू-पाचरीवर! लोणारचं दैत्यसूदन मंदिर पाहिलं असेल, तिथं दगडावर दगड बिनचुन्याचा बसवलाय, तसंच हे लाकडात.

लाकडाचा धोका मात्र आगीचा. १८८९ मधे वीज पडून ते अख्खं दालन जळालं. जुन्याच नमुन्यावर परत बांधून १८९६ ला पूर्ण केलं, म्हणजे आज उभं आहे त्यातलं लाकूड तेव्हाचं, घडण जुनी.

प्रश्न : सर, गणिताच्या पुस्तकात ९ च्या पाढ्याचं देऊळ असं वाचलं. ते कुठलं?
— इयत्ता नववी, देवरी, जि. गोंदिया

हेच बेटा, पण गोल दालन नाही, त्याच्या दक्षिणेची उघडी वेदी. तिला छप्परच नाही, आकाशाशी बोलायचं तर मधे छप्पर कशाला. सगळे फोटो निळ्या दालनाचे काढतात पण मला विचारशील तर खरं देऊळ ही वेदीच आहे. मधोमध एक गोल दगड, त्याच्याभोवती ९ फरशा, मग १८, मग २७, असं करत नवव्या गोलात ८१. वेदीचे तीन टप्पे, प्रत्येकात नऊ गोल, शेवटच्या गोलात २४३. आता तू मधला दगड सोडून सगळ्या फरशांची बेरीज करून पाहा, ३४०२ आली पाहिजे. ९ का, तर चिनी विचारात विषम आकडे आकाशाचे आणि एका अंकात सगळ्यात मोठा विषम आकडा ९. मधल्या दगडावर उभं राहून बोललं की आवाज भोवतीच्या दगडी कठड्यांवर आपटून परत येतो आणि आपलाच आवाज मोठा ऐकू येतो.

जवळच ज्या छोट्या गोल दालनात या वेदीवरच्या पूजेच्या पाट्या ठेवायचे त्याच्याभोवती गोल भिंत आहे, १९३ मीटर घेराची, विटा घासून घासून गुळगुळीत बसवलेल्या. एका बाजूला भिंतीला तोंड लावून हळू बोललं की आवाज भिंतीच्या कडेकडेनं सरकत जातो आणि पलीकडं कान लावलेल्याला ऐकू येतो.

प्रश्न : आता तिथं पूजा होते का?
— एक निवृत्त शिक्षक, वरूड, जि. अमरावती

नाही गुरुजी, पहिल्यासारखी नाही. १९०० मधे परदेशी फौजांनी ही जागा ताब्यात घेऊन तळ ठोकला होता, आणि त्या वेळी बीजिंगमधे शिरलेल्या ब्रिटिश फौजेत हिंदुस्थानी शिपाई होते हे आपल्याला माहीत असायला हवं. मग बादशाही गेली. १९१४ ला तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईनं एकदा ती पूजा परत केली, त्याला स्वतःलाच बादशहा व्हायचं होतं. १९१८ ला आवार सगळ्यांसाठी बाग म्हणून उघडलं, १९९८ ला युनेस्कोच्या जागतिक वारशात नाव लागलं. आवारात जुनी सायप्रसची झाडं आहेत, काही पाचशे वर्षांच्या वरची, आणि ज्या जागेकडं कधी पाहायची बंदी होती तिथं आता म्हातारी माणसं सकाळी सकाळी व्यायाम करतात, गातात, पत्ते खेळत बसतात.