घरी शिकलेली मुले शाळेत जाताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझा मुलगा नऊ वर्षांचा असून तो स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक आहे. पहिलीत तो शाळेत रमेना, म्हणून आम्ही त्याला काढून घेतले आणि आजवर घरीच शिकवले. तो मराठी नीट वाचतो, तीन अंकी बेरीज-वजाबाकी करतो. यंदा पुन्हा शाळेत घालायचे ठरवले, तर मधल्या वर्षांची प्रगतिपुस्तके नाहीत म्हणून एका शाळेने नकार दिला. दुसऱ्या शाळेने घेतले, पण ‘मुलाने वर्गात त्रास दिल्यास आम्ही स्वतः त्याला काढून घेऊ’ असे हमीपत्र मागितले आहे. मैदानावर ढोल-लेझीमचा सराव सुरू झाला की तो कानांवर हात दाबून वर्गाबाहेर धावतो. मग शाळेतून फोन येतो आणि मला त्याला घरी आणावे लागते. एकदा तर शिक्षा म्हणून त्याला अख्खी मधली सुट्टी व्हरांड्यात एकटे उभे केले. आम्ही काय करावे?
— एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: मधल्या वर्षांचे कागद नाहीत एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारणे कायद्याला धरून नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 4 नेमके अशाच मुलांसाठी आहे. सहा वर्षांवरील जे मूल शाळेत गेलेले नाही किंवा ज्याचे शिक्षण मध्येच थांबले आहे, त्याला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा असतो आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. म्हणजे तुमच्या मुलाची जागा चौथीत आहे, त्याला पहिलीच्या बाकावर बसवण्याचे कारण नाही. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यास कलम 13 मनाई करते आणि वर्ष सुरू होऊन गेले या सबबीवरही दार बंद करता येत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल आहे. मात्र शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, हे 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 16 मध्ये स्वतंत्रपणे सांगितलेले आहे. पहिल्या शाळेकडे पुन्हा जायचे झाल्यास लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि नकारही लेखी मागा. तोंडी नकार देणारी शाळा तोच नकार कागदावर उतरवताना बहुधा विचार करते.

हमीपत्रावर सही करू नका. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 16 स्पष्ट सांगते. मुलाला कायद्याने मिळालेला हक्क आईच्या सहीने संपत नाही हे खरे. पण असा कागद शाळेच्या फायलीत असला की प्रत्येक कुरबुरीला तो तुमच्यासमोर धरला जातो आणि दबलेले पालक निमूटपणे दाखला घेऊन बाहेर पडतात. रोज फोन करून मुलाला घरी पाठवणे हीसुद्धा काढून टाकण्याचीच सौम्य दिसणारी रीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हजेरीपत्रकावर मूल हजर दिसते, प्रत्यक्षात त्याचे शिकणे अकरा वाजता संपलेले असते.

व्हरांड्यातील शिक्षेबद्दल वाचून मला फार वाईट वाटले. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना कलम 17 ने बंदी आहे आणि ती मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तरीही बाईंशी बोलताना सुरुवात कारवाईच्या धाकाने करू नका. त्यांच्या वर्गात भरपूर मुले असतात आणि स्वमग्नतेविषयी त्यांना कुणी नीट सांगितलेले असेलच असे नाही. ढोलाचा आवाज आपल्याला उत्साहाचा वाटतो, तुमच्या मुलाच्या कानांना तो सहन होत नाही. त्याचे धावणे हा उद्धटपणा नसून त्रासापासून सुटण्याचा त्याला सापडलेला एकमेव मार्ग आहे. त्याला शिक्षा केली तर आवाजाची भीती कमी होत नाही, उलट तिच्यात शाळेची भीती मिसळते. दुसरीकडे, धावले की आई येते आणि घरी नेते हे त्याच्या पक्के लक्षात आले, तर नावडता तास टाळण्यासाठीही तो धावू लागेल. म्हणूनच घरी पाठवणे हा उपाय शाळेच्याही हिताचा नाही.

एक साधी वही घाला. प्रत्येक प्रसंगाला चार गोष्टी लिहायच्या: वेळ, आधी काय चालले होते, मुलाने काय केले आणि त्यानंतर मोठ्यांनी काय केले. अशा पंधरा-वीस नोंदी झाल्या की कारणे आपोआप समोर येतात, आणि मुख्याध्यापिकांसमोर गाऱ्हाण्याऐवजी नोंदी मांडता येतात. मग मागण्या नेमक्या करा. सरावाची वेळ मुलाला आदल्या दिवशी कळावी. त्या वेळी त्याला ग्रंथालयात किंवा मैदानापासून दूरच्या खोलीत ठरलेले काम देऊन बसवावे. कान झाकणारे हेडफोन वापरू द्यावेत. आणि ‘मला बाहेर जायचे आहे’ असे लिहिलेले कार्ड दाखवले की एका ठरलेल्या जागी जाण्याची त्याला मुभा असावी. अशा सोयींना कायद्यात ‘वाजवी सोयी’ म्हटले आहे. यांतल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत.

सुरुवातीला दोनच तास शाळा हवी असेल तर तेही चालेल, पण ती वेळ कोणत्या तारखेपर्यंत आणि पुढे कशी वाढवायची हे लेखी ठरले पाहिजे. पहिले काही दिवस तुम्ही वर्गाबाहेर थांबलात तर समजू शकते. वर्षभर आईने शाळेत बसावे ही अट मात्र मान्य करू नका. विशेष शिक्षकाची मदत समग्र शिक्षा योजनेतून मिळते, त्यासाठी महापालिकेच्या शिक्षण विभागात अर्ज करा. एवढे करूनही शाळा ऐकत नसेल, तर कलम 32 खाली महापालिकेकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा आणि तो मान्य नसल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता यावे, अशी तरतूद आहे.

थोडे तुमच्या बाजूबद्दलही लिहिले पाहिजे. घरी शिकणाऱ्या मुलाला रांगेत थांबणे, आपली पाळी येईपर्यंत गप्प बसणे, डबा ठरलेल्या वेळीच उघडणे, लघवीला जाताना सांगून जाणे, यांची सवय नसते, कारण घरी या गोष्टींची गरजच पडत नाही. दिवसाचे वेळापत्रक चित्रांनी भिंतीवर लावा. पस्तीस मिनिटांच्या तासाची आणि घंटेची सवय घरीच करा, घंटेचा आवाज आधी हळू ठेवा. रविवारी शाळेचे मैदान रिकामे असताना त्याला तेथे फिरवून आणा. नियम थोडेच ठेवा, पण ते घरी आणि शाळेत सारखे असू द्या.

प्रश्न: माझ्या अकरा वर्षांच्या नातीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसण्याचा विकार आहे, बोलणेही अस्पष्ट आहे. तिचे नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर असून विशेष शिक्षक अधूनमधून घरी येऊन शिकवतात. शाळा घरासमोरच आहे. मुलांचा आवाज आला की ती दाराकडे सरकते. तिला कधी तरी वर्गात बसू द्या म्हटले, तर ‘ती घरी शिकणारी मुलगी आहे, पडली-झडली तर जबाबदारी कोणाची?’ असे उत्तर मिळते.
— एक आजोबा, सिन्नर तालुका

उत्तर: आजोबा, तीव्र दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी घरून शिकण्याची सोय 2012 च्या दुरुस्तीने शिक्षण हक्क कायद्यात आली. ती मुलाला दिलेली निवड आहे, शाळेला दिलेली सवलत नव्हे. तुमची नात त्या शाळेची विद्यार्थिनी आहे, तेव्हा तिने शाळेत येण्यासाठी वेगळ्या परवानगीची गरज नसावी. परिपाठ, गोष्टीचा किंवा गाण्याचा तास आणि सर्वांसोबत पोषण आहार, एवढ्यापासून सुरुवात करू द्या असा अर्ज मुख्याध्यापकांना द्या आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. विशेष शिक्षकांनी घरी येण्याऐवजी त्याच वेळी शाळेत यावे, असे सुचवून पाहा. बसवायचे कसे, भरवायचे कसे, हे वर्गशिक्षकांना तेच प्रत्यक्ष दाखवू शकतील. घास घशात अडकू नये म्हणून तिला ताठ बसवून, थोडे थोडे भरवावे लागत असेल, तर ते आधी सांगून ठेवा. सुरक्षिततेची काळजी रास्त आहे, पण तिचे उत्तर उतरता रस्ता (रॅम्प), आधाराची खुर्ची आणि मदतनीस हे आहे. समग्र शिक्षा योजनेत प्रवास व मदतनीस भत्त्याची तरतूद आहे, तिचीही चौकशी करा.

प्रश्न: तेरा वर्षांच्या मुलीला अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणारी विशिष्ट अडचण आहे. ती घरी शिकते. आता थेट मुक्त विद्यालयातून दहावी द्यावी की आधी शाळेत घालावे?
— एक वडील, नाशिक रोड

उत्तर: राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी वयाच्या चौदाव्या वर्षापासून देता येते आणि घरी शिकणाऱ्या अनेक मुलांना ती सोयीची पडते. मुलीला मैत्रिणी आणि वर्ग हवा असेल, तर मात्र तिला चौदावे वर्ष पूर्ण होण्याआधी शाळेत दाखल करा. शिक्षण हक्क कायद्यातील प्रवेशाचा हक्क सहा ते चौदा या वयासाठी आहे. पण वयानुरूप वर्गात एकदा प्रवेश मिळाला की चौदा उलटल्यावरही आठवी पूर्ण होईपर्यंतचे शिक्षण मोफत राहते. अध्ययन अक्षमता दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत मोडते. राज्य मंडळाच्या दहावीत लेखनिक आणि तासामागे 20 मिनिटे जादा वेळ अशा सवलती आहेत, मात्र त्यांसाठी प्रमाणपत्र लागते. परीक्षेच्या वर्षी धावाधाव नको, म्हणून जिल्हा रुग्णालयातील तपासणीसाठी अर्ज याच महिन्यात करा.