घरच्या मटणासाठी उस्मानाबादी शेळीवर बोअर बोकड लावावा का?

आपण राहता मुंबईत आणि शहापूरच्या घरी चार उस्मानाबादी शेळ्या ठेवू इच्छिता, म्हणून संकराविषयी विचारता. बोअर बोकड अवश्य लावावा, परंतु शेळीच्या दुसऱ्या वेतापासून. कारण बोअर ही दक्षिण आफ्रिकेची मांसल जात असल्याने करडू मोठे असते आणि पहिलटकरणीला विताना अडचण येऊ शकते. संकरित नर खाण्यासाठीच ठेवावेत, आणि बोकड दर दोन वर्षांनी बदलावा, म्हणजे लेकी बापाकडूनच गाभण राहणार नाहीत.

खरी कसोटी मात्र शहापूरच्या पावसाळ्याची आहे. उस्मानाबादी शेळी मूळची मराठवाड्याच्या कोरड्या हवेतली. ओल्या जमिनीवर तिचे खूर सडतात, म्हणून दोन-तीन फूट उंच माचाण बांधावे आणि फळ्यांतील फटी लेंडी खाली पडेल, पण करडाचा पाय अडकणार नाही, इतक्याच ठेवाव्यात. आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होऊन शेळी दगावणाऱ्या रोगाची) लस पावसाआधी द्यावी. एवढा व्याप नको असेल, तर माझ्या मते सिंधुदुर्गाकडची कोकण कन्याळ ही शेळीची जात शुद्ध स्वरूपात पाळणेच शहाणपणाचे, कारण ती याच पावसात वाढलेली आहे. पंचवीस किलोच्या बोकडाचे साधारण अकरा-बारा किलो मटण पडते.