वाचकांचे प्रश्न: टाचणी समजून काढलेला अँटलायन

प्रश्न: रात्री दिव्यापाशी टाचणीसारखा, म्हणजे चतुराच्या बारीक जातभाईसारखा, किडा बसला होता, त्याचे मॅक्रो लेन्सने बरेच फोटो काढले, सोबत पाठवतोय. मित्र म्हणतो ही टाचणी नाही, अँटलायन आहे. खरं काय? शिवाय डोळे शार्प आले की पंख ब्लर, पंख पकडले की डोळे गेले, आणि लेन्सचं छिद्र बारीक करून एफ-२२ ठेवलं तर सगळंच मऊ.

उत्तर: मित्र बरोबर आहे. आधी अँटेना, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, बघा. टाचणीच्या अँटेना इतक्या आखूड आणि बारीक असतात की पटकन दिसतही नाहीत, तुमच्या फोटोत त्या चांगल्या जाड आहेत, टोकाला फुगून जरा वळलेल्या. दुसरं म्हणजे पंख. बहुतेक टाचण्या बसल्या की पंख पाठीवर मिटून उभे धरतात, यानं ते कौलारू छपरासारखे अंगावर दोन्हीकडे उतरते ठेवलेत. टाचणीशी याचं जवळचं नातंही नाही, हा जाळीदार पंखांच्या लेसविंग किड्यांच्या गणातला.

आता शार्पनेसचं. कॅमेरा ठीक आहे हो, १:१ ला, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा पडतो तेव्हा, फुल फ्रेम सेन्सरवर एफ-८ ठेवलं की फोकसमध्ये येतो जेमतेम १ मिलिमीटर, आणि एफ-२२ केलंत तर एवढ्या जवळून ते साधारण एफ-४४ सारखं वागतं, मग डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाशाचं पसरणं, सगळे डिटेल खाऊन टाकतं. एफ-८ ते एफ-११ च्या पुढे जाऊ नका, बाकीचं काम अँगलवर सोडा. तुम्ही वरून काढलाय, वरून काढला की छपराचे दोन्ही उतार फोकसच्या बाहेर पळणारच. खाली वाका, किड्याच्या उंचीला या, बाजूने सेन्सर अंगाला समांतर धरा, म्हणजे डोळा, अँटेना, पोट आणि जवळचा पंख बऱ्यापैकी एका रेषेत येतात. तरी पुरलं नाही तर १:१ चा हट्ट सोडा, १:२ वर, म्हणजे अर्ध्या आकारावर, त्याच एफ-८ ला फोकसची जवळजवळ तिप्पट खोली मिळते, नंतर क्रॉप करा. एवढं करून मग स्टॅकिंगकडे, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करण्याकडे, वळा, लोक उगाच आधी तिकडे धावतात.

फ्लॅश समोरून थेट मारू नका, पंख चकाकतात आणि शिरांची जाळी गायब होते. प्रकाश मऊ करणारा डिफ्यूझर मोठा आणि किड्याच्या जवळ हवा, आणि एक छोटा लाइट मागून तिरका दिलात तर एकेक शीर उठून दिसते.

अँटलायनचा नातलग आउलफ्लाय कधी सापडला तर हेच करा, पण तो पोट वर उचलून वाळक्या काटकीचं सोंग घेऊन बसतो आणि त्याच्या अँटेना फुलपाखरासारख्या लांबलचक असतात, त्यामुळे फ्रेममध्ये जागा सोडा, नाहीतर नेमकी ओळखीची खूणच कापली जाते. बऱ्याच जातींत डोळ्यावर आडवी खाच असते, ती आली तर फोटो वसूल.

प्रश्न: वाळूतल्या खड्ड्यातली अँटलायनची अळी टिपायची आहे, पण दिसतात फक्त वाळूचे कण. उकरून बाहेर काढू का?

उत्तर: अजिबात नको. बाहेर काढली की ती उलटी सरकत लगेच वाळूत शिरते, फोटो मिळत नाही आणि तिचा खड्डाही मोडतो. खड्ड्याच्या तळाशी उघडे जबडे बाहेर ठेवून ती बसलेली असते, तुम्हाला हवेत ते जबडेच, ते आतून पोकळ असतात आणि त्यातूनच ती भक्ष्याचा रस ओढून घेते. कॅमेरा सरळ वरून न धरता तिरका ठेवा, टेकूला खाली बीनबॅग घ्या, आणि लाइट एका बाजूने, अगदी जमिनीलगत द्या, त्याने उताराला सावली पडते आणि जबडे वाळूपासून वेगळे दिसायला लागतात. काठावरून गवताच्या काडीने दोन-चार कण खाली सोडले की ती बऱ्याचदा डोक्याने वाळू उडवते, तो क्षण हवा असेल तर फ्लॅशची पॉवर १/१६ किंवा त्याखाली ठेवा, फ्लॅशचा लखलखाट जितका क्षणिक तितके उडते कण गोठतात. वाळूपासून वाचवायला लेन्सवर फिल्टर लावायला विसरू नका. फोटोसाठी जिवंत मुंग्या आत टाकणारे लोक आहेत, मला ते पटत नाही, थांबलात तर एखादी आपसूक पडते.

प्रश्न: किडा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करून फोटो काढतात म्हणे, करू का?

उत्तर: नको. गारठलेल्या किड्याचे पाय आखडतात, बसण्याची ढब बदलते, बघणाऱ्याला लगेच कळतं. पहाटे जा, तेव्हा तो तसाही थंडच असतो.