करारातले शेवटचे कलम आधी वाच

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

शाळा दत्तक देण्याच्या कराराचा मसुदा तुझ्याकडे आला आहे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत खासगी हात येऊ द्यावा की नाही, या विचाराने तू अस्वस्थ आहेस. प्रश्नच चुकीचा धरला आहेस. महाराष्ट्रात तो हात शाळेत कधीचाच आहे. 1854 च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे इंग्रजांच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने, खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची वाट मोकळी केली, 1919 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि आजही आपल्या माध्यमिक शिक्षणाचा फार मोठा भार अनुदानित शाळा वाहतात, ज्यांत शाळा संस्थेची असते आणि पगार शासनाचा. तेव्हा विचारायचे एवढेच, की भागीदार निघून गेला तर वर्गात बसलेल्या मुलाचे काय?

मी मुख्याध्यापक असताना एका देणगीदाराने आमच्या शाळेला संगणक कक्ष देऊ केला आणि मी करार नीट न वाचता सही केली. तीन वर्षांनी त्यांचा शिकवणारा माणूस गेला, दुरुस्ती थांबली, खोलीला कुलूप लागले. सही केली नसती तर मुलांना ती तीन वर्षेही मिळाली नसती, असे मी आजही म्हणतो आणि ते खोटे नाही. पण जाताना काय मागे ठेवायचे आणि पुढे ते कोणी चालवायचे, ही एक ओळ मी लिहून घेतली नाही, कारण देणाऱ्याला जाण्याची गोष्ट कशी विचारावी, असा मला संकोच वाटला. सातवीची मुले त्या कुलपाशी येऊन परत जात, ते अजून डोळ्यांसमोर आहे. तो संकोच तू करू नकोस.

2023 च्या शाळा दत्तक योजनेत मुदत 5 किंवा 10 वर्षांची आहे. आज पहिलीत बसलेले मूल 5 वर्षांनी सहावीच्या दारात उभे असेल. त्या दिवशी त्याच्यासोबत कोण असेल? फलकावर नाव कोणाचे, यावर बैठक लांबेल. तू शेवटचे, करार संपल्यावर काय होईल ते सांगणारे कलम उघडून बस.

आणि निघून जातो तो खासगी भागीदारच, असे मानू नकोस. शासनानेच शाळांना 'कायम विनाअनुदानित', म्हणजे अनुदान कधीच मिळणार नाही या अटीवर, परवानग्या दिल्या, 2009 मध्ये 'कायम' शब्द काढला, तरी त्यानंतर 20 टक्के अनुदानाच्या टप्प्यासाठी शिक्षकांना आझाद मैदानावर बसावे लागले. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांचेही तेच झाले. फेब्रुवारी 2024 मध्ये, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना त्यांतून सूट मिळाली. उच्च न्यायालयाने ती जुलैत रद्द केली, पण तोवर शाळा सुरू झाल्या होत्या. शासनाच्या बाबतीतही हेच विचार: हे मागे सरले तर मुलाचे काय?

वरिष्ठांना घाई आहे म्हणतेस. असू दे! शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांना मसुदा सोप्या मराठीत वाचून दाखव आणि उत्तर कागदावर उतरेपर्यंत तो पुढे पाठवू नकोस. तुझ्यावर नाराजी ओढवेल, हे मला ठाऊक आहे. रविवारच्या आत एक प्रत मला पाठव आणि शेवटचे पान सर्वांत वर ठेव.