लॉस एंजेलिसच्या मोठ्या थिएटरात चिकानो लोकांची नाटकं होतात का?

होतात, पण सलग नाही, आणि खरं दुखणं तेच आहे. चिकानो म्हणजे अमेरिकेतले मेक्सिकन वंशाचे लोक, आणि या शहरात तर ते पिढ्यानपिढ्या राहतायत. तरी मार्क टेपर फोरम हे थिएटर 1967 ला सुरू झालं आणि तिथे चिकानो नाटककार लुईस वाल्देझचं 'झूट सूट' हे नाटक आलं ते 1978 मध्ये. वाल्देझ मूळचा शेतमजुरांच्या संपातून आलेला, 1965 ला द्राक्षमळ्यातल्या मजुरांना घेऊन नाटकं बसवायचा. 'झूट सूट' 1942 च्या लॉस एंजेलिसमधल्या स्लीपी लगून खून खटल्यावर आहे, त्यात बहुतेक चिकानो असलेल्या 22 पोरांना एकत्रच कोर्टात उभं केलं आणि 17 जणांना दोषी ठरवलं, नंतर 1944 ला वरच्या कोर्टाने ते सगळं रद्द केलं. नाटकाची सुरुवातच बघा, स्टेजवर अवाढव्य पेपर आणि एल पाचुको हे नाटकातलं पात्र खटक्याच्या चाकूने तो टराटरा फाडून बाहेर येतं, ज्या पेपरांनी या पोरांना गुंड ठरवलं तेच पेपर! नाटक तुफान चाललं, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला गेलं, तिथे मात्र लवकर बंद पडलं. पुढे टेपरने लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, नाटककारांसाठी खास विभाग काढला पण 2005 ला तोही गुंडाळला, याचं मला फार वाईट वाटतं, कारण नवे लेखक तिथेच घडत होते. 2017 ला 'झूट सूट' परत त्याच स्टेजवर आलं, वाल्देझनेच बसवलेलं.