280 एसई कॅब्रिओले: आधी चेसिस नंबर, मग रंग

आपल्या ग्रुपमधल्या, नाशिकच्या गंगापूर रोडच्या सदस्याचा प्रश्न असा: जर्मनीतल्या डीलरकडे 1970 ची मर्सिडीज 280 एसई 3.5 कॅब्रिओले (छप्पर उघडता येणारी गाडी) आहे, पूर्ण रिस्टोर केलेली. मागवावी का, आणि लग्नसराईत भाड्याने देऊन खर्च निघेल का?

भाड्याचं आधी सांगतो, म्हणजे तो विषय संपेल. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीच्या 2021 च्या व्हिंटेज नियमांत धंद्यासाठी वापर चालत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर काढायची. वरात यात कुठे बसवणार?

मागवता मात्र येते. पूर्वी 1950 च्या आधीच्या गाड्यांनाच मुभा होती. 2025 पासून 50 वर्षं झालेल्या गाडीला आयात लायसन्स लागत नाही. घोडं अडतं ते ड्यूटीपाशी. सगळे कर मिळून दोनशे टक्क्यांच्या वर जातात, आणि तेही किंमत, जहाजभाडं, विमा या सगळ्यांच्या बेरजेवर. म्हणजे जर्मनीतल्या पेंटरच्या मजुरीवरसुद्धा तुम्ही न्हावा शेवा बंदरात कर भरणार. तिकडे दहा लाखांचं रंगकाम तुम्हाला तीस लाखांच्या वर पडतं. म्हणून मी तर म्हणेन, चकाचक नकोच. पत्रा निरोगी, इंजिन मूळचं, रंग विटका आणि सीटचं चामडं भेगाळलेलं अशी गाडी शोधा. रंग, क्रोम, चामडं इथे होतं.

मी नेमकं उलटं केलं होतं. 1969 ची 280 एसएल फोटोतल्या रंगावर भाळून घेतली. पहिल्याच पावसाळ्यात दाराखालच्या सिलवर तांदळाच्या दाण्याएवढे फोड आले. अंबडच्या डेंटरने खिशातून चुंबक काढून लावलं, तर ते टपकन खाली पडलं. रंगाखाली बोटभर पुट्टी, आणि पुट्टीखाली पत्र्याची जाळी! विकणाऱ्याकडे उघड्या पत्र्याचे, वेल्डिंग चालू असतानाचे फोटो मागायचं मला सुचलं नव्हतं. तुम्ही मागा. ‘रिस्टोर केलंय’ म्हणणाऱ्याकडे ते नसतील तर विषय तिथेच सोडा.

तुमच्या गाडीत आणखी एक मेख आहे. 3.5 ची कॅब्रिओले फक्त 1,232 बनली आणि तिला कूपेच्या, म्हणजे पक्क्या छपराच्या गाडीच्या, कितीतरी पट भाव मिळतो. त्यामुळे कूपेचं छप्पर कापून कॅब्रिओले करणारे आहेत. खऱ्या गाडीचा चेसिस नंबर (सांगाड्यावर कोरलेला नंबर) 111.027 ने सुरू होतो, कूपेचा 111.026 ने. पुढचे दोन आकडे 10 असतील तर लेफ्ट हँड (स्टीअरिंग डावीकडे) मॅन्युअल, 12 असतील तर लेफ्ट हँड ऑटोमॅटिक. हा नंबर आणि इंजिन नंबर कंपनीच्या डेटा कार्डाशी, म्हणजे गाडी बनली तेव्हाच्या नोंदीशी, ताडून पाहा. कापलेली निघाली तर पैसा बुडेलच, शिवाय इथे नोंदणीही अडेल, कारण व्हिंटेज नोंदणीला चेसिस, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात लागतं.

गाडी खरी असेल तर नोंदणीचं फार मनावर घेऊ नका. बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) आणि विमा हाताशी ठेवा. फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. लेफ्ट हँड असली तरी चालते, इंडिकेटर मात्र चालू हवेत.

न्हावा शेवाहून गाडी फ्लॅटबेडवरच आणा. कसारा घाटात रेडिएटरची परीक्षा घ्यायची हौस नको. आणि इथलं पेट्रोल टाकीत पडायच्या आधी इंधनाचे सगळे रबरी पाइप बदला. ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं, आणि इथेनॉल जुनं रबर फुगवतं, आणि पाइप झिरपतो तो नेमका गरम इंजिनाशेजारी.

डीलरकडून चेसिस प्लेटचा सरळ, न कापलेला फोटो मागवा आणि इथे टाका. टोकन त्यानंतर.