बदली सर, गायन मंडळ आणि काळी एक

वाचकांचे प्रश्न : समूहगान

या वेळी ग्वाल्हेरहून आलेल्या पत्रांचा विषय जवळजवळ एकच आहे. शाळेच्या नेहमीच्या संगीत शिक्षिका रजेवर, त्यांच्या जागी आलेले हौशी बदली सर, आणि ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ पद्धतीने चाललेल्या गायन मंडळात उडालेली धांदल. सर, विद्यार्थी, पालक, खुद्द रजेवरच्या बाई, सगळ्यांनीच लिहिलं आहे. उत्तरं आमच्या संगीत-सल्लागारांची.

प्रश्न : चार महिन्यांसाठी गायन मंडळ माझ्याकडे आलं आहे. आठवी ते बारावीची ३४ मुलं. प्रार्थना, स्वागतगीत आणि दोन देशभक्तिपर गीतं एवढाच साठा, तोही ताठ उभं राहून गायलेला. मला टाळ्या, ठेके, थोडा दंगा आणायचा आहे. सुरुवात कशी करू?
— बदली शिक्षक, लष्कर

पहिले दोन तास काहीही बदलू नका. मुलांना जे येतं ते गाऊ द्या आणि तुम्ही वही घेऊन रांगांमधून फिरा. वरचा सूर आला की कोण हनुवटी उचलतं, कोण नुसते ओठ हलवतं, कोणता मुलगा मध्येच खालच्या सप्तकात उतरतो, हे नावानिशी टिपा. ही नोंद नसेल तर पुढची सगळी गंमत अंदाजपंचे होईल.

तिसऱ्या तासापासून ४० मिनिटांतली पहिली दहा अंगाला आणि श्वासाला द्या. खांदे गोल फिरवणं, मान सैल सोडणं, मग घोड्यासारखे ओठ फुरफुरवत सा ते पंचम आणि परत. ओठांची फुरफुर मध्येच तुटली तर समजा, श्वास एकसारखा सुटत नाही. त्यानंतर ‘स्स्’ करत श्वास सोडायचा. मिनिटाला ६० मात्रांच्या (ठोक्यांच्या) लयीत सुरुवातीला १२ मात्रा पुरतात, महिन्याभरात २० पर्यंत जायला हरकत नाही. हात खालच्या बरगड्यांवर ठेवायला सांगा. खांदे वर गेले तर श्वास उथळ झाला.

मग ठेका. केरवा हा आठ मात्रांचा ताल अंगावर वाजवायला सगळ्यांत सोपा. ‘धा’ला उजवा पाय, ‘गे’ला मांडी, ‘ना’ला टाळी, ‘ती’ला चुटकी, पुढच्या चार मात्रांत ‘ना’ टाळी, ‘क’ चुटकी, ‘धी’ पाय, ‘ना’ टाळी. आधी तोंडाने बोल, मग बोलांसह हात-पाय, मग फक्त हात-पाय आणि शेवटी त्यावर गाणं. चारही पायऱ्या एकाच तासात उरकायला गेलात तर फसाल. मुलं टाळी वाजवू लागली की लय पळते, कारण हात गळ्यापेक्षा उतावळे असतात. मोबाइलमधला मेट्रोनोम ८४ वर लावून ठेवा. टाळी तळहाताने नको, दोन बोटांनी. ३४ मुलांची पूर्ण टाळी गाणं गिळून टाकते आणि ते ऐकू यावं म्हणून मुलं ओरडू लागतात.

उरलेल्यातली वीस मिनिटं गाण्याला आणि शेवटची पाच मुलांना. त्या पाच मिनिटांत काय गायचं ते त्यांनी ठरवावं. तुम्ही फक्त पट्टी द्या, म्हणजे ‘सा’ कोणत्या सुरावर धरायचा ते सांगा. दंगा लयीत हवा तेवढा करा, पट्टीशी मात्र खेळू नका.

गर्दीला गायला कसं लावायचं ते शिकायचं असेल तर ढोलीबुवांच्या मठात जाऊन कीर्तन ऐका. बुवा ध्रुवपद स्वतः दोनदा म्हणतात, तिसऱ्यांदा पहिला शब्द टाकून थांबतात, आणि लोक आपोआप पुढचा उचलतात. वर्गातही अगदी तसंच करा.

प्रश्न : सर मोबाइलवर कराओके ट्रॅक लावतात. मुलं खूश असतात, पण वरच्या सुरात किंचाळतात. मुख्याध्यापक म्हणतात, सिनेमाची गाणीच बंद करा.
— एक शिक्षिका, मुरार

दोष सिनेमाच्या गाण्यांचा नाही, पट्टीचा आहे. ट्रॅकची पट्टी एका कसलेल्या गळ्यासाठी, तीही माइकवर गाण्यासाठी ठरलेली असते. ती ३४ कोवळ्या गळ्यांना कशी झेपावी?

हिशेब सोपा आहे. मुली आणि कंठ न फुटलेले मुलगे यांच्यासाठी खालची हद्द खालच्या सप्तकातली पांढरी सहा (पेटीवरची सहावी पांढरी पट्टी) आणि वरची हद्द वरच्या सप्तकातली पांढरी तीन धरा. दोन्ही टोकं धरून काळ्या-पांढऱ्या मिळून २० पट्ट्या होतात. कंठ स्थिरावलेले मोठे मुलगे याच्या एक सप्तक खाली गातील. आता गाण्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर शोधा. मध्य षड्ज (मधला सा) ते तार रिषभ (वरच्या सप्तकातला रे) असेल तर १५ पट्ट्या लागतात. असं गाणं काळी एकमध्ये आरामात बसतं. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) ते तार रिषभ असेल तर बरोबर २० लागतात. इथे काळी एक घेतली तर मंद्र पंचम अर्ध्या सुराने हद्दीखाली जातो, म्हणून षड्ज पांढरी दोनला ठेवा. मंद्र पंचम ते तार गंधार (वरचा ग) म्हणजे २२ पट्ट्या. असं गाणं सगळ्यांनी एकत्र गाऊच नये. वरची ओळ चार-पाच जणींना द्या, बाकीच्यांनी ध्रुवपदात मिसळावं.

ट्रॅक लावायचाच असेल तर पट्टी बदलून देणारं अॅप वापरा. दोन-तीन अर्धस्वर खाली आणलेला ट्रॅक चालतो. त्याहून जास्त ओढला की वाद्यांचा आवाज चिकट आणि घोगरा होतो. त्यापेक्षा पेटी आणि ढोलक बरी.

पेटीबद्दलही एक तक्रार नोंदवतो. गाण्याची चाल पेटीवर सतत वाजवत राहिलं की मुलं सुरासाठी तिच्यावर रेलतात आणि स्वतःचा कान बंद करतात. एक कडवं पेटीशिवाय म्हणायला लावा, शेवटी षड्ज वाजवून पाहा. सूर उतरलेला असेल तर बहुधा उतरत्या ओळींवर उतरलेला असतो, कारण खाली येताना मुलं स्वरांमधलं अंतर गरजेपेक्षा मोठं घेतात. तेवढ्याच ओळी तंबोऱ्यावर घोटा. तंबोऱ्याचं अॅप चालेल, पण स्पीकर मागच्या रांगेजवळ ठेवा. पुढच्यांना तो नाही तरी ऐकू येतोच.

प्रश्न : मी नववीत आहे. माझा आवाज मध्येच फाटतो. आधीच्या बाईंनी मला मंजिरी वाजवायला बसवलं होतं. नवे सर म्हणतात, गा. मी गाऊ का?
— एक विद्यार्थी, दौलतगंज

गा. तुझा कंठ फुटतोय, बिघडत नाहीये. या वयात स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. स्नायूंना नव्या मापाची सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून तो मध्येच उडी मारतो.

रोज पेटीवर एक चाचणी कर. सहज बोलतोस त्या सुरावर ‘आ’ लाव, तिथून एकेक स्वर वर आणि एकेक खाली जा, जोर न लावता. जिथे आवाज हवेसारखा पोकळ होतो तिथे थांब. मधले पाच-सहा स्वर सध्या तुझे. महिन्याभराने पुन्हा तपास, जागा सरकलेली असेल. सरांना तेवढ्या स्वरांत बसणारी ओळ मागून घे. षड्ज-पंचमाचा धरलेला सूर किंवा ध्रुवपदातली खालची ओळ तुला जमेल. वरचा सूर आला की तो सोड आणि पुढच्या ओळीला पुन्हा लाग. ताणून तो काढायचा प्रयत्न करू नकोस.

सरांसाठी : असे पाच-सहा मुलगे असतील तर त्यांना एकत्र, मधल्या रांगेत उभं करा. मुलींच्या मध्ये एकटा उभा केलेला मुलगा नकळत वरच्या सप्तकात जायला धडपडतो.

प्रश्न : स्नेहसंमेलनात तराणा बसवायचा आहे. सहा आठवडे आहेत. जमेल?
— बदली शिक्षक, जिवाजीगंज

ग्वाल्हेरच्या गायकीत तराणा (अर्थ नसलेल्या बोलांचं गाणं) आणि टप्पा (भराभर तानांचं गाणं) हे मानाचे प्रकार. पं. कृष्णराव शंकर पंडित यांच्यासारख्या गायकाने हे दोन्ही गाजवले. म्हणजे हट्ट गावाला धरूनच आहे. आणखी एक सोय अशी की ‘दीं तन देरेना’ हे कुणाच्याच घरचं नाही. मराठी घरातली, हिंदी घरातली, नवी-जुनी सगळी मुलं एकाच रेषेवरून निघतात.

भूप किंवा दुर्गा असा पाच स्वरांचा राग घ्या, त्रितालात. पहिला आठवडा सूर नकोच, फक्त बोल. हाताने १६ मात्रा धरायच्या. १, ५ आणि १३ ला टाळी, ९ ला काल (टाळी न वाजवता हात बाजूला). मिनिटाला ७० मात्रा. आधी मात्रेला दोन अक्षरं, मग ‘दिरदिर’ म्हणजे मात्रेला चार. सगळ्यांचं तोंड तिथेच अडतं. ‘द’ला जीभ दातांना लागते, ‘र’ला किंचित मागे. जबडा हलला की दोन्ही चघळल्यासारखे येतात. हनुवटीवर एक बोट टेकवून म्हणायला लावा, बोट हललं नाही पाहिजे. लय एका वेळी ५ नेच वाढवा. १०० मात्रांपाशी थांबा. तिथे ‘दिरदिर’ म्हणजे सेकंदाला सहापेक्षा जास्त अक्षरं होतात, आणि शाळेच्या समूहाकडून त्यापुढे नुसता गलका ऐकू येतो.

दुसऱ्या आठवड्यात स्थायी (पहिला भाग), तिसऱ्यात अंतरा (दुसरा भाग), चौथ्यात दोन्ही जोडून. पाचव्यात तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर (पहिल्या मात्रेवर) येणं. तिहाई सहा-सात जणांनाच द्या आणि सम सगळ्यांनी घ्या. समेवर ३४ आवाज एकदम पडले की सभागृह जागं होतं, तिहाईत मात्र एक जण चुकला तरी सगळी घसरते. सहावा आठवडा मोकळा ठेवा, तो लागतोच. स्वरलिपी फळ्यावर पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीने लिहा. १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं ते भातखंड्यांच्याच साहाय्याने, त्यामुळे तुमच्या शहरात ती वाचणारं घर शोधायला लांब जावं लागणार नाही. आणि डिसेंबरात तानसेन समारोह असतोच. मुलांना हजिऱ्याला, तानसेनच्या समाधीपाशी, नेऊन एक सकाळ ऐकू द्या.

प्रश्न : दोन गट एकामागून एक गातात ते आमच्याकडे दुसऱ्या ओळीलाच कोसळतं.
— गायन मंडळाची कॅप्टन, अकरावी

चाल चुकीची निवडली असणार. मागून येणाऱ्या गटाचे स्वर पुढच्या गटाच्या स्वरांशी जुळले पाहिजेत. भैरव रागातला कोमल रिषभ (अर्ध्या सुराने उतरलेला रे) एका गटाकडे आणि षड्ज दुसऱ्याकडे असं झालं की कानाला टोचतं आणि दोन्ही गट बावचळतात. आधी भूपातल्या स्वरांवर हे म्हणून पाहा, चार मात्रांच्या चार ओळी :

सा रे ग ग । ग ग प प । सां सां प प । ग रे सा ऽ

दुसऱ्या गटाने पहिल्याची एक ओळ, म्हणजे चार मात्रा, झाल्यावर उचलायचं. एकत्र आलेले स्वर बहुतेक सा-ग, ग-प, सा-प असे गोड पडतात. गट शेजारी शेजारी नको, समोरासमोर उभे करा. कानांवर हात ठेवून गायची लहर मुलांना येते, ती मोडा, कारण दुसऱ्याचं ऐकत आपलं धरणं हाच तर यातला अभ्यास. दोन गटांचं आठवडाभर नीट चाललं तरच तिसरा घ्या.

प्रश्न : नवे सर आल्यापासून लेकीचा घसा सारखा बसतो. तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं चघळून उपयोग होईल का?
— एक आई, शिंदे की छावनी

आंबट पानाने तोंडाला पाणी सुटतं आणि घसा ओला होतो, एवढाच उपयोग. श्रद्धा असेल तर जरूर चघळू द्या, पण पाण्याची बाटली बरोबर हवीच. थंडीत मुलं तासाआधी गजक खातात, तेवढी टाळा. तिळाचा नि गुळाचा चुरा घशात अडकतो आणि खाकरून खाकरून स्वरतंतू आणखी लाल होतात. आवाज बसलेला असताना कुजबुजूनही बोलू देऊ नका, त्यानेही ताण पडतो. गायल्यावर तासाभरात आवाज पूर्ववत होत नसेल तर सरांना सांगा, ती तिच्या हद्दीबाहेर गातेय. तीन आठवडे घोगरेपणा टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मी रजेवरून परतते आहे. मुलं आता स्थिर उभीच राहत नाहीत. माझी शिस्त मोडून ठेवली आहे.
— संगीत शिक्षिका, ग्वाल्हेर

बाई, थोडं मोडलं ते बरंच झालं. हात बांधून उभं राहिलं की बरगड्या आवळल्या जातात आणि दमसास कमी पडतो. ती घडी परत आणू नका. बदली सरांकडून मात्र एक वही हक्काने मागून घ्या. प्रत्येक मुलाची आत्ताची हद्द, कोणाचा कंठ फुटतोय, कोणतं गाणं कोणत्या पट्टीत आणि किती मात्रांवर बसवलं, तराण्याची तिहाई कोणाकडे आहे. वही नसेल तर त्यांना एक तास बोलवा आणि ते शिकवत असताना तुम्हीच टिपून घ्या. पहिले पंधरा दिवस त्यांचा सराव आणि ठेका तसाच ठेवा. तुमचं काम त्यानंतरच्या वीस मिनिटांत. तिथे उच्चार हाती घ्या, कारण हौशी माणसाकडून हमखास सुटतात ते हेच. हिंदी माध्यमातली मुलं मराठी गाण्यात ‘ळ’चा ‘ल’ करतात आणि ‘चांदणं’मधला ‘च’ ‘चहा’तल्यासारखा म्हणतात. ओळ सुराशिवाय, लयीत, तीनदा वाचून घेतली की अर्धं काम होतं.

प्रार्थनेला स्थिर उभं राहायचं, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाका.